पंचवीस पावलांवरची हाक

माझी जीभ तिखट आहे, असं माहेरी आणि सासरी दोन्हीकडं बोललं जातं. बोलू देत. सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत बावीस वर्षं पिको-फॉलचं आणि रफूचं दुकान चालवायचं, तर गोड बोलून भागत नाही. ‘उद्या देते’ म्हणून चार दिवस झुलवणं मला जमत नाही आणि फाटलेली साडी ‘नव्यासारखी होईल’ असं खोटं सांगणंही जमत नाही. असं असूनही एकदा मी गप्प बसले. जिथं बोलायचं नेमकं तिथंच. त्याची ही गोष्ट आहे.

माझा धाकटा भाऊ बद्रीनाथ सिल्लोडजवळ शेती करतो. त्याची पोरगी पूर्णा सातव्या महिन्यातच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप मिटायला हवी असते, तिची मिटली नव्हती. वीस दिवसांची असताना छाती उघडून ती बांधावी लागली. पोरगी वाचली, हेच आम्हाला लई होतं. फक्त ती रडली की आवाज यायचा नाही. तोंड उघडायचं, चेहरा लालबुंद व्हायचा आणि बाहेर नुसता वारा. अशक्त आहे, बाळसं धरलं की रडेल गावभर, असं आम्ही म्हणायचो. बाळसं धरलं, आवाज काही आला नाही.

पाणी पिताना तिला ठसका लागायचा. शाळेत हजेरीला ती हात वर करायची, कारण तिचं ‘हजर’ पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचायचं नाही. जवळ कान नेला तर सगळं कळायचं. वाळलेली पानं सरकावीत तसा तो आवाज होता. घरच्यांना त्याची सवय झाली होती, आणि सवय झाली की माणूस डॉक्टरकडं जात नाही.

मग ती शेततळ्यात पडली.

शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की कडेला पाय ठरत नाही, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. पूर्णा सहा वर्षांची होती. शेळीचं करडू हाकायला गेली आणि घसरली. मोटारीचा पाइप हाताला लागला म्हणून वाचली. त्या पाइपाला धरून ती किती वेळ लोंबकळत होती, कुणालाच माहीत नाही. माझी माय, द्वारकाबाई, तिथंच कापूस वेचत होती, तळ्याकडं पाठ करून. बद्रीनाथ मोटार चालू करायला आला तेव्हा त्याला पोरगी दिसली. तोंड उघडं, ओठ निळे, डोळे आजीच्या पाठीवर लागलेले.

मायनं नंतर ते अंतर पावलांनी मोजलं. पंचवीस पावलं भरली.

“पोरीनं हाका मारल्या आसतील,” ती म्हणायची. “मारल्याच आसतील. आन् म्या ओ दिली नाय.” जेवताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची. बद्रीनं पूर्णाच्या गळ्यात प्लास्टिकची शिट्टी बांधली. तेव्हापासून माय कुठलीही शिट्टी वाजली की उठायची. एसटीच्या कंडक्टरनं शिट्टी मारली तरी ही दारात. आम्ही तिची थट्टा करायचो. पण तिचा जीव तिथंच, त्या पंचवीस पावलांत अडकलेला होता, हे मला दिसत होतं.

मीच पूर्णाला संभाजीनगरला आणलं, सोबत माय आणि बद्री. माय अजून औरंगाबादच म्हणते. नाक-कान-घशाच्या डॉक्टर अंबिका मॅडमकडं माझ्या एका गिऱ्हाइकानं पाठवलं होतं. मॅडमनी पोरीच्या नाकातून शेवयाएवढी बारीक नळी आत घातली आणि समोरच्या पडद्यावर तिचा गळा आतून दिसला. मी आयुष्यात लई काही पाहिलंय, पण असलं पाहिलं नव्हतं. गुलाबी कमानीत दोन पांढऱ्या पट्ट्या. मॅडम म्हणाल्या, “ई म्हण बाळा.” उजवी पट्टी सरसर मधे आली आणि थांबली, जोडीदारिणीची वाट बघत. डावी हललीच नाही. कडेला पडून राहिली. दोघींच्या मधल्या फटीतून वारा निघून गेला. सहा वर्षं आम्ही जो ऐकत होतो, तो हाच वारा.

आवाजाची डावी नस मेंदूतून निघून सरळ गळ्यात जात नाही, असं मॅडमनी सांगितलं. ती आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि मग परत वर गळ्यात येते. पूर्णाची जी वाहिनी बांधली, ती त्या वळशाला अगदी चिकटून असते. एवढ्याशा जिवात नस दुखावू शकते, त्यात कुणाचा दोष नाही. त्या डॉक्टरांनी जीव वाचवला.

माय ऐकत होती. तिनं विचारलं, देवानं एवढा फेरा कशाला ठेवला? आणि उत्तरही तिनंच दिलं.

“काळजाला इचारून मग बोलावं, म्हनून आसंल.” आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “हिची नस सरळच वर गेलेली दिसती.”

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या.

उपाय त्यांनी कागदावर काढून दाखवला. गळ्याच्या पुढच्या बाजूला काही लहान स्नायू असतात. त्यांना जाणारी एक नस आहे. ती तिथून काढून घेतली तरी शरीराला फारशी उणीव भासत नाही. ती कापून आवाजाच्या मेलेल्या नसेच्या टोकाला जोडायची. मग जुन्या वाटेनं नवी नस हळूहळू पट्टीपर्यंत वाढत जाईल. दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मला माहीत होतं. रफू मला ज्या चाचांनी शिकवलं ते म्हणायचे, “रफू दिखा तो वो रफू नै, बेटी.” भारी कापडाला बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिलाईतून, जिथं कुणी बघत नाही तिथून धागा उसवून काढायचा आणि फाटल्या जागी विणायचा. कापडाचं कापडाला. मी मॅडमना म्हटलं, धागा दाखवा. त्यांनी निळ्या फडक्यावर काहीतरी ठेवलं. मला फडकंच दिसलं. बावीस वर्षं मी बारीक काम करते, माझ्या नजरेचा मला गर्व होता. मॅडमनी चिमट्यानं थोडं हलवलं तेव्हा उजेडात एक रेघ चमकली आणि विझली. केसाच्या निम्म्याहून बारीक. सुई पापणीच्या केसासारखी वाकडी. हे माणसाच्या हातानं होतं? मी मनातल्या मनात त्या बाईच्या पाया पडले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि ती फक्त मला. भाऊ तेव्हा औषधं आणायला गेला होता, आणि माय पोरीला घेऊन बाहेर. नस वाढायला चार-सहा महिने लागतील. तोवर ठसका कमी व्हावा म्हणून ऑपरेशनच्याच वेळी मॅडम त्या डाव्या पट्टीत एक जेल भरणार होत्या. पट्टी फुगून मधे सरकेल, उजवी तिला येऊन टेकेल, लगेच थोडा आवाज येईल. पण ते जेल दोन-तीन महिन्यांत विरघळणार. “तो आवाज उसना समजा,” मॅडम म्हणाल्या. “तो जाईल. मग काही दिवस काहीच नसेल. घाबरायचं नाही. घरी नीट समजावून सांगा, आशाताई.”

मी मान हलवली.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. तीन तास आम्ही बाहेर बसून होतो. मायनं बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलला होता. पोरीला आवाज दे, तुझ्या लिंबाला पितळेची घंटा बांधीन. तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्णानं डोळे उघडले, पलंगाशी बसलेल्या आजीकडं पाहिलं आणि म्हणाली, “आजी.” बारीक होता, पण आवाज होता. कान न नेता ऐकू आला. पलीकडच्या पलंगावरच्या बाईनंही मान वळवली. माझी भावजय उमा भिंतीला टेकून खालीच बसली. मायनं पलंगाच्या दांडीवर कपाळ ठेवलं, आणि पुष्कळ वेळ उचललंच नाही.

तेव्हाच सांगायचं होतं मी. माय, हा उसना आहे, हा जाईल. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या होईस्तोवर तिनं गावात पाच जणांना फोन केले होते. परवा तिनं मला शहागंजात भांड्याच्या दुकानात नेलं आणि दहा घंटा वाजवून बघून एक घेतली. मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी. मनात म्हटलं, डॉक्टर लोक सावधपणानं बोलतात, कदाचित जाणारही नाही. खोटं काय सांगू, मला मायचं ते फुललेलं तोंड बघत राहावंसं वाटत होतं आणि ते मला बिघडवायचं नव्हतं.

घंटा बांधली. गावजेवण नव्हतं, पण गूळ-खोबरं सगळ्या वस्तीनं खाल्लं. पूर्णाची शिट्टी खुंटीला लागली. शाळा उघडल्यावर तिनं पहिल्याच दिवशी ‘हजर’ म्हटलं तेव्हा गुरुजींनी हजेरी थांबवून वर पाहिलं म्हणे.

श्रावणात आवाज ओसरायला लागला. आधी संध्याकाळी बसायचा, मग दुपारीच. नागपंचमीनंतर आठ दिवसांत पुन्हा नुसता वारा राहिला. शिट्टी खुंटीवरून परत गळ्यात आली. बद्रीचा फोन आला. तो मायबद्दल बोलत होता. अक्का, तू ये, म्हणाला, माय म्हसोबाशी भांडायला लागली आहे.

मी पहिल्या एसटीनं गेले. आमच्याकडं पाऊस नाही पडला की महादेवाला पाण्यात कोंडतात, हे मला ठाऊक होतं. पण हे नवं होतं. मायनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून घंटेच्या आतला लोळा घट्ट आवळून बांधला होता. घंटा वाऱ्यानं हलायची, आवाज नाही. माय लिंबाखाली बसून म्हसोबाला सांगत होती, “माझ्या नातीचा गळा बंद, तर तुझाबी बंद. तिला फुटंल तवा तुला फुटंल.”

आणि ती हिशेब लावत होती की आपलं काय चुकलं. नारळ आतून नासका निघाला होता, ते चुकलं की घंटा बांधताना चपला पायात होत्या ते. सत्तरीची बाई स्वतःची चूक शोधत बसली होती. चूक माझी होती.

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. मला वाटलं, ती मारील. तिनं नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू त्याच दिशी सांगायचं व्हतं, आशे. म्या उगंच देवाला शिव्या दिल्या.”

मी म्हटलं, मग सोड ती चिंधी. ती म्हणाली, “आता नाय सोडनार. त्योबी वाट पाहील, मीबी पाहीन.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. फोन केला की पोरीकडं द्यायची. अख्ख्या घराला टोचणारी माझी जीभ तेव्हा कुठं गेली होती, असं मीच मला विचारायचे. दुकानात एक पैठणी रफूला आली होती, चार दिवसांचं काम मी दोन आठवडे घेऊन बसले. रोज मनात म्हणायचे, आज एक मिलिमीटर. कधी वाटायचं, वाढतच नसेल तर? त्या अंधारात, कातडीच्या आत, कुणाला न दिसता एक धागा वाट काढतोय, यावर विश्वास ठेवायचा म्हणजे देवावर ठेवण्यासारखंच होतं. भादव्यात मॅडमनी पुन्हा नळी घालून पाहिलं. पट्टी पहिल्यापेक्षा ताठ वाटते, थांबा, एवढंच म्हणाल्या.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. बद्रीला ओवाळलं. दुपारी तो आणि उमा कापसाच्या गाडीमागं सिल्लोडला गेले, मी आणि माय शेतातल्या घरापुढं भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो. तळ्याच्या अंगाला उशिरा पेरलेली बाजरी होती, पाखरं लई उतरत होती. पूर्णा रिकामा डबा घेऊन राखणीला गेली होती.

डब्याचा आवाज काही येईना. त्याऐवजी बाजरीकडून ओरडणं ऐकू आलं.

“हाऽऽऽ हुर्रर्र!”

जाडाभरडा, थोडा बसका, पण दणदणीत. एकदा, दोनदा. पाखरांचा थवा भर्रकन उठला. मायनं हातातला वेल खाली टाकला. कुणाचं तरी पोर आपल्या रानात घुसलंय आणि तेही तळ्याच्या बाजूला, असं म्हणत तिनं काठी उचलली. तळ्याला बद्रीनं आता तारेचं कुंपण घातलं होतं, पण मायचा कुंपणावर विश्वास नव्हता. ती तरातरा निघाली, मी मागं.

“कोनाचं हाय रं पोर?” ती लांबूनच ओरडली. “भाईर नीघ आधी!”

बाजरी हलली. डबा छातीशी धरून पूर्णा बाहेर आली. आजीच्या हातात काठी बघून ती घाबरली होती.

“आजी, मीच हाय.”

माय जागच्या जागी थांबली. या पोरीच्या पावलांचा आवाज ती झोपेत ओळखायची, हिचा ठसका कोणता, हिचं शिंकणं कोणतं, सगळं तिला माहीत होतं. हा आवाज मात्र तिनं कधी ऐकलाच नव्हता. मे महिन्यातला बारीक होता, पाहुण्यासारखा. हा जाड होता. हा आमच्याच घरातला होता. खरं तर थोडा मायसारखा होता. मी तिथंच ढेकळावर बसले.

कधीपासून, असं मी विचारलं. पूर्णानं बोटं मोजली. चार दिवस झाले. मग कुणाला सांगितलं का नाहीस? ती पायानं माती उकरत राहिली आणि मग म्हणाली, “मागच्या टायमाला समद्यांला सांगितलं आन् त्यो गेला. म्हनून आता पाखरांलाच सांगत व्हते.”

सात वर्षांचं पोर. चार दिवस एवढी मोठी गोष्ट एकटीनं सांभाळत होतं.

माय माझ्याकडं वळली. श्रावणापासून पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“आशे, आता खरं सांग. ह्यो उसना का सोताचा?”

मी पूर्णाला जवळ घेतलं. गळ्यावर ऑपरेशनची रेघ होती, इतकी पुसट की मलासुद्धा तसं रफू जमलं नसतं. त्यावर बोट ठेवून मी म्हटलं, “बोल काहीतरी.” ती म्हणाली, “काय बोलू?” आणि माझ्या बोटाखाली ती जागा थरथरली. जिवंत. मी मायला सांगितलं की जेल श्रावणातच संपलं, आत आता उसनं काही नाही, हा तिचा स्वतःचा आहे. आणि या वेळी काही झाकून ठेवलं नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, ती पट्टी उजवीसारखी सरसर हलणार नाही, नुसती मधे ताठ उभी राहील. जास्त ओरडलं तर आवाज दमेल. पुढच्या महिन्यात मॅडमना दाखवायचं आहे, त्या काय म्हणतील ते त्याच दिवशी, त्याच तोंडानं येऊन सांगेन.

“सांग,” माय म्हणाली. एवढंच. पण काठी तिनं माझ्या हातात दिली.

मग ती लिंबाकडं गेली. चिंधीची गाठ पावसानं आवळून दगड झाली होती, तिच्या नखांना सुटेना. माझ्या पदराला सुई असतेच. मी सुईनं एकेक पीळ सैल केला. लोळा सुटला तेव्हा मायनं तो मुठीत धरला, वाजू दिला नाही. म्हसोबाला म्हणाली, जरा दम धर, आधी माझं राहिलेलं काम होऊ दे.

तिनं हळूच मूठ सोडली आणि पूर्णाला तळ्याच्या कुंपणापाशी नेऊन उभं केलं. स्वतः तिथून चालायला लागली. पावलं मोजत होती, ओठ हलत होते. पंचवीस झाली तेव्हा थांबली. गेल्या साली तिथं कापूस होता. यंदा मका होता, तोही काढून झाला होता, नुसती धसकटं उभी होती. त्या धसकटांत ती तळ्याकडं पाठ करून बसली, वेचायला बसतात तशी.

“आता मार हाक,” ती म्हणाली.

पूर्णानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“आजीऽऽ!”

“ओ,” माय म्हणाली.

पूर्णाला वाटलं खेळ आहे, ती हसली आणि पुन्हा ओरडली. मायनं पुन्हा ओ दिली. मग वळून न बघता तिनं विचारलं, “त्या दिशी किती हाका मारल्या व्हत्या गं?”

पूर्णा विचारात पडली. “लई,” ती म्हणाली.

“मग तेवढ्या मार,” माय म्हणाली. “म्या बसले इथं.”